अर्ध्यावर सोडलेली राणी : सॅम्युएल कूपरच्या एका लघुचित्राचं प्रकरण

ब्रिटिश राजघराण्याच्या चित्रसंग्रहात कॅथरीन ऑफ ब्रगान्झाचं एक लघुचित्र आहे. आकार पोस्टकार्डाहून लहान, उंची साधारण 12 सेंटिमीटर. काळ 1662च्या आसपासचा. चितारलंय सॅम्युएल कूपरने, आणि त्या काळच्या लंडनमध्ये त्याच्या तोडीचा लघुचित्रकार दुसरा कुणी नव्हता. चेहऱ्यावर त्याने मन लावून काम केलं आहे. डोळे, कपाळ, गालांवरची सावली, सगळं जागच्या जागी आहे. पण नजर खाली खांद्यांकडे, पोशाखाकडे सरकली की रंग आटत जातात. तिथे नुसत्या जुजबी रेषा उरतात आणि त्यांच्या पलीकडे कोरं चर्मपत्र.

हीच ती पोर्तुगीज राजकन्या, जिच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ती एका वाक्यापुरती येते आणि त्या वाक्यातही तिच्यापेक्षा बेटाचीच चौकशी जास्त असते.

चित्र अपुरं का राहिलं, हा या प्रकरणातला प्रश्न. सोपं उत्तर तयारच आहे : नवरा बाहेरख्याली, राणी नावडती, दरबाराचा तिच्यातला रस संपला आणि चित्रही तसंच राहिलं. गोष्ट म्हणून हे झकास आहे, पण मला ते पटत नाही. त्याची कारणं कूपरच्या कामाच्या पद्धतीत आहेत आणि याच संग्रहातल्या आणखी चार चित्रांतही. तिकडे वळण्याआधी हा चेहरा लंडनला कसा पोचला ते पाहायला हवं.

चेहऱ्याची चौकशी

कॅथरीनचा जन्म 25 नोव्हेंबर 1638चा. तेव्हा तिचे वडील ब्रगान्झाचे ड्यूक होते. दोनच वर्षांनी पोर्तुगालने स्पेनचं जू झुगारलं आणि ते चौथे जॉन म्हणून गादीवर आले. स्पेनला हे स्वातंत्र्य मान्य नव्हतं. पूर्वेकडे डच एकेक पोर्तुगीज ठाणं गिळत होते. 1658पर्यंत श्रीलंका हातची गेली. जॉन 1656मध्ये वारले. मुलगा लहान असल्याने कारभार पाहणाऱ्या राणी लुईसाला आता आरमार बाळगणारा व्याही हवा होता. इंग्लंडात 1660 साली गादीवर परतलेल्या दुसऱ्या चार्ल्सला पैशांची निकड होती. 23 जून 1661च्या तहात दोन्ही गरजा जुळल्या. पोर्तुगालने द्यायचं ते असं : 20 लाख क्रुझादो (पोर्तुगीज नाणी), उत्तर आफ्रिकेतलं टँजियर, मुंबईचं बंदर आणि बेट, शिवाय ब्राझील व पूर्वेकडच्या पोर्तुगीज बंदरांत व्यापाराच्या सवलती. बदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या पाठीशी सैन्य आणि जहाजं उभी करायची.

हे लग्न मोडावं म्हणून स्पेनने जंग जंग पछाडलं. स्पेनचा लंडनमधला वकील वॅटव्हिल याने कुजबुज सुरू केली, की मुलीच्या अंगात व्यंग आहे, प्रकृती तोळामासा आहे, मूल होणं शक्य नाही. याला उत्तर म्हणून पोर्तुगालकडून चित्र आलं. स्थळासोबत फोटो पाठवावा तसंच ते. फरक इतकाच की इथे फोटो पाहून दोन आरमारांचा निर्णय व्हायचा होता. चित्र पाहून चार्ल्स म्हणाला, की ही बाई कुरूप असणं शक्यच नाही, असं सांगतात.

लग्नाआधीच्या काळातलं कॅथरीनचं एक तैलचित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. ते लिस्बनमध्ये काम करणाऱ्या डर्क स्टूप या डच चित्रकाराच्या हातचं किंवा त्याच्या चित्रावरून केलेलं. त्यात ती आयबेरियन थाटाच्या, दोन्ही बाजूंना ताठ पसरलेल्या घागऱ्यात उभी आहे. त्या चित्रात चेहऱ्याइतकाच पोशाखही बोलतो : ही कुठल्या दरबारातून येते आहे, ते आधी ओळखा. स्टूप पुढे तिच्याबरोबरच इंग्लंडला आला आणि त्या सगळ्या प्रवासाची, स्वागत-मिरवणुकीची कोरीव चित्रं त्याने छापली.

अशा चित्रांचं एक दुखणं असतं. ती पाठवणाऱ्याच्या बाजूची असतात. वधूपक्षाने पाठवलेलं चित्र वधूपक्षाचंच म्हणणं मांडणार. म्हणून खरी साक्ष तिला समोरासमोर पाहिलेल्यांची.

तीन साक्षीदार

मे 1662च्या मध्यावर कॅथरीन पोर्ट्समथला उतरली. तिला आणायला अर्ल ऑफ सँडविच आरमार घेऊन लिस्बनला गेला होता, तेव्हा हुंड्याची निम्मी रक्कम रोख मिळण्याऐवजी साखर, मसाले आणि मागाहून वटवायच्या हुंडीपत्रांच्या रूपात हाती पडल्याने त्याची चांगलीच पंचाईत झाली होती. 21 मे रोजी लग्न लागलं; आधी खासगीत कॅथलिक पद्धतीने आणि मग चारचौघांत इंग्लंडच्या चर्चच्या रीतीने. त्याच सुमाराचं चार्ल्सचं आपल्या चॅन्सेलरला (मुख्य मंत्र्याला), क्लॅरेंडनला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. चेहरा रेखीव सौंदर्याच्या मापात बसणारा नाही, डोळे मात्र अतिशय सुरेख, आणि दचकावं असं त्या चेहऱ्यात काहीही नाही, असा त्याचा सूर. नवऱ्याचं पत्र म्हणून कौतुक कमीच वाटेल, पण वॅटव्हिलच्या अफवा कानावर आलेल्या माणसाने सोडलेला सुस्कारा म्हणून वाचलं की त्याचा अर्थ लागतो.

दुसरा साक्षीदार जॉन एव्हलिन. रोजनिशीत 30 मे रोजी त्याने राणी आणि तिच्या पोर्तुगीज सख्यांची नोंद केली. सख्यांचे अवाढव्य घागरे आणि सावळा वर्ण त्याला अजिबात रुचले नाहीत. राणीचे पुढचे केस लांब आणि विचित्रपणे एका बाजूला वळवलेले, असं तो लिहितो. पण त्या सगळ्यांत तिचा चेहरा सर्वांत देखणा, उंची कमी पण बांधा सुबक, डोळे सुंदर आणि काहीसे झोपाळू. दात तेवढे जरा पुढे आल्यामुळे तोंडाची शोभा कमी होते. सख्यांच्या रंगावरचा शेरा एव्हलिनच्या इंग्लंडबद्दलच जास्त सांगतो, पण दातांचा तपशील मात्र कामाचा आहे, कारण तो कुठल्याही चित्रात सापडणार नाही. त्या काळी कुणी दात दाखवत चित्राला बसत नसे. मिटलेल्या ओठांनी बरंच काही झाकलं जाई.

तिसरा सॅम्युएल पेपीज, हाही रोजनिशी लिहिणारा. सप्टेंबरमध्ये त्याने राणीला पहिल्यांदा पाहिलं आणि लिहिलं, की फार मोहक नाही, पण चेहरा भला, विनयशील, निष्पाप आहे आणि तो पाहायला बरं वाटतं.

तिघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की एक चेहरा दिसू लागतो : डोळ्यांत सगळं बळ, बाकी साधा. कूपरच्या लघुचित्रातलं वजनही डोळ्यांवरच आहे. त्याने खुशामत केली नाही, असं मी म्हणणार नाही. दरबारी चित्रकार पोट भरायला बसलेला असतो. पण साक्षीदारांच्या नोंदींशी ताडून पाहता येईल इतका प्रामाणिकपणा त्या चेहऱ्यात नक्कीच आहे.

कूपरची बैठक

कूपर हा जॉन हॉस्किन्स या लघुचित्रकाराचा भाचा आणि त्याचाच शिष्य. गुरूला मागे टाकायला त्याला फार वर्षं लागली नाहीत. राजकारणातल्या उलथापालथीत तो तगला कसा, हे पाहण्यासारखं आहे. राजाचं मुंडकं उडवणाऱ्या ऑलिव्हर क्रॉमवेलचा चेहरा त्याने चितारला, आणि गादी परत आल्यावर त्याच राजाच्या मुलाचाही. चांगला हात दोन्ही बाजूंना लागतो.

त्याच्या कामाचं एक दृश्य एव्हलिनने टिपून ठेवलं आहे. 10 जानेवारी 1662च्या रात्री कूपर राजाच्या खासगी दालनात नव्या नाण्यांच्या ठशासाठी चार्ल्सचं मस्तक रेखाटत होता, आणि मेणबत्ती धरून उभं राहायचं काम एव्हलिनकडे आलं. रात्रीची वेळ मुद्दाम निवडलेली, कारण एकाच दिव्याच्या उजेडात चेहऱ्यावरच्या सावल्या नीट सापडतात. कूपरच्या चेहऱ्यांना जो उठाव असतो, त्याचं गुपित या मेणबत्तीत आहे. आधीच्या पिढीतल्या निकोलस हिलियर्डचे चेहरे जवळजवळ सावलीविना असत. एलिझाबेथ राणीला तेच आवडायचं. कूपरने सावलीलाच कामाला लावलं.

तंत्र असं. वासराच्या कातड्याचं पातळ, गुळगुळीत चर्मपत्र कार्डावर चिकटवायचं. पाण्यात आणि डिंकात कालवलेले रंग, खारीच्या केसांचा कुंचला. आधी त्वचेच्या रंगाचा एक सपाट लेप, आणि त्यावर बारीक बारीक रेघांनी चेहरा उभा करत न्यायचा. इथे खाडाखोड परवडत नाही. ओला कुंचला एका जागी जास्त फिरला की खालचा लेप उचलून येतो. एडवर्ड नॉर्गेट या त्या काळच्या जाणकाराने लिहून ठेवलेल्या पद्धतीनुसार लघुचित्रासाठी माणसाला साधारण तीन बैठका द्याव्या लागत आणि त्या बहुतेक चेहऱ्यासाठी. कपडे, दागिने, मागचा पडदा हे माणूस समोर नसतानाही करता येई. झगा खुर्चीवर टाकला तरी चालतो.

हा मुद्दा या प्रकरणाचा कणा आहे. कूपरकडे गिऱ्हाइकाचा वेळ थोडा, त्यातून राणीचा तर फारच थोडा. तो सगळा वेळ चेहऱ्यावर घालवायचा आणि बाकीचं मागाहून करायचं. एकदा चेहरा हातात आला की त्यावरून हव्या तितक्या पूर्ण प्रती बनवता येत : एक परदेशी राजाला भेट, एक मानाच्या सरदाराला, एक गळ्यातल्या लॉकेटमध्ये. मूळ चित्र पूर्ण करून विकून टाकलं तर पुढच्या प्रतीसाठी राणीला परत बसवायचं कसं? म्हणून ते कार्यशाळेतच राहायचं. क्रॉमवेलचं कूपरने केलेलं सर्वांत गाजलेलं लघुचित्रही असंच अर्धवट आहे, आणि त्याच्यावरून केलेल्या प्रती मात्र नीट सजवलेल्या.

पूर्ण चित्राला काय मोल पडे, हे पेपीजमुळे कळतं. 1668 साली त्याने बायकोचं लघुचित्र कूपरकडून करून घेतलं : कामाचे 30 पौंड, वर स्फटिकाची काच आणि सोन्याची डबी मिळून 8 पौंड 3 शिलिंग 4 पेन्स. साम्य मनासारखं उतरलं नाही, निळा पोशाखही आवडला नाही, अशी त्याची कुरकुर आहे. कारागिरी मात्र अजोड, असंही तो लिहितो. चिकित्सा करतो, पण पैसे त्याच रात्री चुकते करतो. असं गिऱ्हाईक कुठल्याही कारागिराला हवंहवंसं वाटेल.

मग अपुरं का?

आता त्या सोप्या उत्तराकडे. 1662चा उन्हाळा कॅथरीनसाठी वाईट गेला, हे खरं. चार्ल्सने आपली रखेल बार्बरा व्हिलियर्स हिला राणीच्या अंतःपुरात मानाच्या जागेवर नेमायचं ठरवलं. राणीने यादीतून ते नाव खोडलं. चार्ल्सने बार्बराला भर दरबारात तिच्यापुढे आणून उभं केलं. कॅथरीनने आधी ओळखलं नाही. ओळख पटली तेव्हा तिच्या नाकातून रक्त आलं आणि ती बेशुद्ध पडली. समजूत घालायचं काम क्लॅरेंडनच्या गळ्यात आलं. पोर्तुगीज सख्यांपैकी बहुतेकींची परत पाठवणी झाली, आणि अखेर राणीनेच माघार घेतली. अशा उन्हाळ्यातलं अर्धं चित्र पाहून कुणालाही हळहळ वाटेल आणि दोन्ही गोष्टी जोडाव्याशा वाटतील.

पण त्याच संग्रहात कूपरची याच आकाराची, याच अवस्थेतली आणखी चार चित्रं आहेत. एक दस्तुरखुद्द बार्बरा व्हिलियर्सचं. एक फ्रान्सिस स्टुअर्टचं, जिच्या मागे चार्ल्स कैक वर्षं वेडा झाला होता. एक चार्ल्सचा लाडका अनौरस मुलगा ड्यूक ऑफ मन्मथ याचं. आणि एक जनरल मंकचं, ज्याच्या फौजेमुळे चार्ल्सला गादी परत मिळाली. म्हणजे आवडती, अतिआवडती, लाडका आणि उपकारकर्ता, चौघेही राणीइतकेच अर्धवट. नावडतेपणामुळे चित्र राहिलं म्हणायचं, तर बार्बराचं आधी पूर्ण व्हायला हवं होतं!

उलट या पाचांना एकत्र पाहिलं की ती एका कपाटातली मूळ मस्तकं वाटतात : ज्या चेहऱ्यांना सतत मागणी येणार, ते जपून ठेवलेले. अपुरेपणा हा इथे कामाचाच भाग. पाहणाऱ्याच्या सोयीसाठी चित्र पूर्ण करतात. कूपरला पाहणाऱ्याची गरज नव्हती, त्याला फक्त स्वतःला पुढे लागेल तेवढं हवं होतं. आणि म्हणूनच माझ्या मते कॅथरीनच्या सगळ्या चित्रांत हे सर्वांत भरवशाचं आहे. स्टूपचं चित्र पोर्तुगालची बाजू मांडतं. पुढच्या वर्षांत पीटर लेलीने आणि याकोब हायसमान्सने केलेली मोठी तैलचित्रं तिला इंग्लंडच्या राणीच्या साच्यात बसवतात. हायसमान्सने तर तिला मेंढपाळीणही करून टाकलं. कूपरच्या या चर्मपत्राला मात्र कुणाला काही पटवून द्यायचं नव्हतं.

एक हरकत इथे घेता येईल. अपूर्ण चित्रांतली काही नुसतीच राहून गेलेलीही असू शकतात; प्रत्येक अर्ध्या कामामागे धोरण शोधायची गरज नाही. हे मान्य. पण पाच चित्रं, सगळी दरबाराच्या पहिल्या रांगेतली, सगळ्यांत चेहरा झालेला आणि पोशाख राहिलेला. इतका योगायोग मला जड जातो.

कूपर मे 1672मध्ये गेला आणि कपाट त्याची विधवा क्रिस्टिआना हिच्याकडे आलं. त्यावर आणखी एकाचा डोळा होता : टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो. 1669च्या लंडन भेटीत तो स्वतः कूपरपुढे बसला होता, आणि आता त्याचा लंडनमधला माणूस क्रिस्टिआनाशी बोलणी करत होता. इकडे चार्ल्सनेही काही चित्रांच्या बदल्यात तिला पेन्शन देऊ केलं. ही पाच मस्तकं राजघराण्याकडे आली ती याच व्यवहारातून, असा जाणकारांचा कयास आहे. तसं असेल तर बायको, रखेल आणि जिच्यासाठी झुरला ती फ्रान्सिस, या तिघींचे चेहरे चार्ल्सने एकाच सौद्यात घेतले म्हणायचे.

बेटाचं चित्र

वधूचा चेहरा असा चहूबाजूंनी तपासला गेला. आंदणात आलेल्या बेटाचं काय? मुंबई नेमकी कुठे आहे याचीही लंडनला धड कल्पना नव्हती. ती ब्राझीलच्या जवळपास आहे, असं वाक्य खुद्द क्लॅरेंडनच्या नावावर सांगितलं जातं. तहात बंदर आणि बेट एवढंच. हद्द कुठवर, याचा तपशील नाही. इंग्रजांचं म्हणणं, वाटाघाटींच्या वेळी आम्हाला जो नकाशा दाखवला त्यात ठाणे आणि साष्टी (मुंबईलगतचं मोठं बेट) हीही मुंबईतच होती. तो नकाशा पुढे हाती लागला नाही.

सप्टेंबर 1662मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोची जहाजं मुंबईला पोचली. सर अब्राहम शिपमनच्या हाताखाली चारशेच्या आसपास शिपाई होते. पोर्तुगीज व्हाइसरॉय आंतोनिओ द मेलो इ कास्त्रो याने साष्टी सोडाच, मुंबईही द्यायचं नाकारलं. कधी अधिकारपत्रात खोट काढ, कधी आणखी काही. हा माणूस नुसता आडमुठा नव्हता. इंग्रजांचा पाय मुंबईत पडला त्या दिवशी पोर्तुगीजांच्या हातून हिंदुस्थान गेला समजा, असं त्याने आपल्या राजाला कळवलं होतं. लिस्बनहून सुटणाऱ्या हुकमापेक्षा त्याला समोरची खाडी जास्त नीट दिसत होती.

शिपमनची तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन थांबली. पाऊस, ताप, हगवण आणि उपासमार. एप्रिल 1664मध्ये शिपमन तिथेच मेला. अखेर 18 फेब्रुवारी 1665 रोजी हम्फ्री कुक याने ताबा घेतला, तेव्हा माणसं शंभराच्या आसपास उरली होती. दोना इग्नेझ द मिरांडा हिच्या वाड्यात कागदांवर सह्या झाल्या, आणि कुकने बेटावरची माती आणि दगड हातात घेऊन ताब्याचा विधी पुरा केला. फोर्टमध्ये टाउन हॉलच्या मागे, नौदलाच्या आंग्रे तळाच्या आवारात ही जागा येते.

साष्टीवरचा हक्क कुकला कागदावर सोडावा लागला. तो करार लंडनने मानला नाही, पण साष्टीही मिळाली नाही. बेट सांभाळणं चार्ल्सला महागात पडू लागलं, तेव्हा 27 मार्च 1668च्या सनदेने त्याने ते वर्षाला 10 पौंड भाडं सोन्यात द्यायच्या बोलीवर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. पेपीजच्या बायकोच्या चित्राला त्याच वर्षी डबीसकट 38 पौंड पडले होते. चार्ल्स 1685मध्ये वारला. कॅथरीन 1692 साली इंग्लंड सोडून पोर्तुगालला परतली, भावाच्या आजारपणात तिने लिस्बनचा कारभारही पाहिला, आणि 31 डिसेंबर 1705 रोजी तिथेच वारली. तोवर साष्टी पोर्तुगीजांकडेच होती. 1737मध्ये ती मराठ्यांनी जिंकली, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसईही घेतली. हरवलेल्या नकाशाच्या जोरावर इंग्रज जे मागत होते ते ठाणे त्यांनी घेतलं 1774च्या डिसेंबरात, मराठ्यांच्या किल्ल्यावर तोफा डागून.